न गळलेला टाका

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास फसतो. कुणाला मी कॉफी दळायचे यंत्र वाटते, कुणाला फळांचा रस काढायचे. एका पाहुण्याने तर माझ्या पोटात पेन्सिल खुपसून टोक होते का ते पाहिले होते. टोक झाले नाही, पेन्सिल मात्र मोडली. तर मी आहे मोजे विणणारी एक जुनी मशीन. टेबलाच्या कडेला दोन स्क्रूंनी आवळून बसवायची आणि मूठ धरून हाताने फिरवायची. माझे वय मला नक्की ठाऊक नाही आणि ठाऊक असते तरी सांगितले नसते. पण मी राहते त्या घरात सगळे मला म्हातारी म्हणतात, यावरून काय ते समजा.

माझ्या मध्यभागी एक पोकळ लोखंडी नळकांडे आहे. त्याला बाहेरून बहात्तर उभ्या खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत एक सुई. सुईच्या टोकाला आकडी, आकडीखाली मुंगीएवढी जीभ. मूठ फिरवली की सुया एकामागून एक वरखाली होतात. आकडी धागा पकडते, जीभ मिटते, जुना टाका तिच्यावरून उतरतो आणि नवा त्याच्या जागी येतो. अशी एक नळी विणली जाते आणि माझ्या पोटातून हळूहळू खाली उतरते. तिच्या खालच्या टोकाला वजन टांगावे लागते, नाहीतर टाके सुयांवरच गर्दी करून बसतात. या नळीला शिवण नसते. कुठेही नसते. माझी सगळी फुशारकी त्या न घातलेल्या शिवणीवर उभी आहे, आणि दुसरी फुशारकी म्हणजे माझ्याकडून टाका गळत नाही, सुईवरून निसटत नाही. निदान असे मी मोठ्या तोऱ्यात सांगत आले. त्याच तोऱ्याची ही गोष्ट आहे.

मी एका कारखान्यात जन्मले. तिथे लोखंड ओतणारा एक माणूस होता आणि खाचा कोरणारा दुसरा. सगळ्यात शेवटी चष्मा लावलेली एक बाई एकेक सुई बोटाने वर उचलून खाली सोडायची आणि कान देऊन ऐकायची. माझी एकसष्टावी सुई तिने तीनदा बदलली. मग मला तेलाची छोटी डबी आणि माहितीचे पुस्तक यांच्यासोबत लाकडी पेटीत बंद केले. तेव्हा कुठेतरी लढाई चालली होती आणि लढणाऱ्यांच्या पायांना मोजे हवे होते. माझी पहिली मालकीण शाळेत शिकवायची. घरी आली की पदर खोचून माझ्यापुढे बसायची आणि फेरे मोठ्याने मोजायची. मध्येच कुणी काही विचारले तर उत्तर म्हणून पुढचा आकडा सांगायची. माझे ते दिवस मोठ्या मानाचे होते.

लढाई संपली, गिरण्यांमधून ढिगांनी मोजे येऊ लागले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. किती वर्षे गेली ते विचारू नका. एका उंदरिणीने माझ्या पोटात तीन बाळंतपणे उरकली एवढे मला आठवते. अंगावर गंज चढला. बहात्तर सुयांपैकी अकरा कुठे गेल्या ते मलाही कळले नाही. ते घर रिकामे झाले तेव्हा भंगारवाल्याने मला एका फुटक्या बादलीत घालून गाडीवर टाकले, आणि इथेच माझे नशीब उघडले.

या भंगारवाल्याचे गजराचे घड्याळ बंद पडले होते. ते घेऊन तो एका दुकानापुढे थांबला. दुकान कसले, घराची पुढची खोलीच ती. काचेच्या कपाटात घड्याळे, एक उतरते टेबल आणि टेबलामागे डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. सगळी गल्ली त्यांना बाबा म्हणायची. बंद पडलेली वस्तू दिसली की बाबांना राहवत नसे. त्यांनी घड्याळ हातात घेतले, पण नजर बादलीवरच. घड्याळ दुरुस्त करून देतो, ती मला दे, असे त्यांनी भंगारवाल्याला सांगितले. मी काय आहे हे त्यांना तेव्हा माहीतही नव्हते.

तीन आठवडे त्यांनी मला रॉकेलमध्ये न्हाऊ घातले. खाचांमधला गंज त्यांनी टाचणीच्या टोकाने काढला. अकरा सुया मिळेनात, तेव्हा दुसऱ्याच कुठल्या यंत्राच्या जाड सुया आणून त्या घासून घासून माझ्या मापाच्या केल्या. घड्याळातल्या केसाएवढ्या तारेशी आयुष्यभर खेळलेली बोटे ती. सुईवर कुठे खरखर राहिली आहे ते त्यांना न बघता कळायचे. मी पुन्हा फिरले त्या दिवशी त्यांनी लेकीला हाक मारून बोलावले आणि दोघांनी बसून नुसती नळी विणली, हातभर, दीड हात, काही न बनवता. बाबा लहान मुलासारखे हसत होते.

त्यांची लेक शिवणकामाच्या एका कारखान्यात कॉलर तपासायचे काम करायची. कारखाना बंद झाला आणि ती घरी बसली होती. तिचा नवरा, म्हणजे या घरचा जावई, विजेची कामे करायचा. तिघांचे घर. आई कधीच गेलेली. दिवस कसेबसे पण गोडीने चालले होते. त्यात बाबांच्या पायांचे लफडे सुरू झाले.

बाबांना साखरेचा आजार होता. आधी पायांना मुंग्या यायच्या, मग मुंग्या येणेही थांबले. एकदा ते दिवसभर चपलेत एक टाचणी घेऊन हिंडले आणि त्यांना पत्ताही लागला नाही. लेकीने रक्त पाहिले तेव्हा कळले. डॉक्टरांनी चांगलीच कानउघाडणी केली. या पायांना आता दुखणे कळत नाही, तेव्हा रोज सकाळी तळवे बघायचे, आणि मोजे घालायचे ते मऊ आणि बिनशिवणीचे, असे बजावले. असे मोजे बाजारात शोधून लेक थकली. घरी येऊन बसली आणि तिची नजर माझ्यावर गेली.

शिकायला तिला दोन महिने लागले. पहिला मोजा एवढा लांब झाला की जावयाने तो गळ्यात गुंडाळून घरभर मिरवला. टाच वळवणे हा आमच्या धंद्यातला सगळ्यात नाजूक भाग. अर्ध्या सुया वर उचलून ठेवायच्या, मूठ पूर्ण न फिरवता पुढेमागे करायची, दर खेपेला एकेक सुई कमी करायची आणि मग एकेक वाढवत परत यायचे. एक सुई विसरलात की टाचेला भोक पडते. लेकीने अशी कितीतरी भोके पाडली, उसवली, पुन्हा विणली. मग एक दिवस बरोबर टाच उतरली. ती तो मोजा हातात घालून बसून राहिली.

ते मोजे घालून बाबा डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी मोजा उलटा करून पाहिला आणि हे कुणी केले म्हणून विचारले. पुढच्या आठवड्यापासून दारात माणसे यायला लागली. कुणी बाबांसारखेच, कुणाची बोटे वाकडी, कुणाचा एक पाय सुजलेला. लेक प्रत्येकाला कागदावर उभे करायची आणि दोन्ही पायांची रेघ वेगवेगळी आखून घ्यायची. एकाच माणसाचे दोन पाय सारखे नसतात हे मला त्या घरात कळले. भिंतीवर खिळ्याला त्या कागदांचा गठ्ठा लटकत असे. पुढच्या खोलीत आता एका बाजूला घड्याळे टिकटिक करायची आणि दुसऱ्या बाजूला मी खडखड करायची. बाबा म्हणायचे, दुकानात एक म्हातारा आणि एक म्हातारी आहे, फक्त म्हातारी जास्त कामाची.

आता आमच्या कामाची एक रीत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यापाशीच घडले. गिरणीतून लोकर येते ती मोठ्या कोनावर, म्हणजे पुठ्ठ्याच्या निमुळत्या रिळावर, गुंडाळलेली. गिरणीत धागा तुटला तर तिथले लोक गाठ मारून मोकळे होतात. ती गाठ कोनात कुठेतरी लपलेली असते. साध्या पायाला ती टोचली तर माणूस पाय झटकतो, मोजा काढतो. ज्याला टोचलेले कळत नाही तो त्या गाठीवर दिवसभर चालतो. म्हणून लेक नवा कोन आला की सगळा धागा आधी बोटांमधून काढून दुसऱ्या रिळावर गुंडाळायची. गाठ सापडली की कापायची, दोन्ही टोकांचे पीळ उलगडायची, त्यांना थोडी थुंकी लावायची आणि तळहातांमध्ये जोरात चोळायची. लोकर लोकरीत शिरते आणि जोड दिसतही नाही. होय, थुंकीच. नाके मुरडू नका, मोजे नंतर धुतात. आणि मोजा पुरा झाला की तो उलटा करून आपल्या एका हाताच्या मुठीवर चढवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे सगळीकडून फिरवायची. हा नियम बाबांचा. ते म्हणायचे, "ज्याला आपला पाय कळत नाही, त्याच्यासाठी आपल्या बोटांना कळलं पाहिजे."

एवढे करूनही एखादी गाठ निसटलीच, तर मी होतेच. गाठ सुईपाशी आली की मुठीला बारीकसा झटका बसतो. लेकीचा हात तिथेच थांबायचा. इतकी वर्षे आम्ही एकमेकींना असे सांभाळून घेतले.

मग एका मोठ्या दवाखान्याकडून साठ जोडांची मागणी आली. साठ वेगवेगळी माणसे, म्हणजे एकशे वीस मोजे, आणि मुदत महिन्याची. लेकीला नाही म्हणवेना. हे काम वेळेत गेले तर दरवर्षी मिळणार होते. तिचे खांदे आठवड्याभरात भरून आले. बायकोचे हाल जावयाला बघवेनात. त्याने शिलाई मशीनची एक जुनी मोटर आणली, पट्टा लावला, पायाशी पेडल ठेवले. टाच आणि पुढचे टोक हातानेच करायचे, मधली सरळ नळी मात्र मोटरवर. बाबांनी भिंगातून वर पाहिले आणि हिचे वय बघता जरा हळू, एवढेच म्हटले.

खरे सांगते, मला मोटर फार आवडली. एवढ्या वेगाने मी जन्मात फिरले नव्हते. एका दमात चाळीस फेरे, आणि एकही टाका इकडचा तिकडे नाही. जावई सगळ्यांना बोलावून दाखवायचा, बघा, म्हातारीला पंख फुटले. मी फुगले. मुठीवर आता हात नव्हता हे माझ्या लक्षातही आले नाही.

त्याच दिवसांत बाबांचे मोजे तळव्याशी विरले. त्यांनी मागितले नाहीत, ते कधीच मागत नसत. लेकीच्याच ध्यानात आले. गुरुवारची दुपार होती. दवाखान्याचा एक जोड उतरला होता आणि कोनावर थोडी लोकर उरली होती. ती लोकर दुसऱ्या रिळावर घेतलेली नव्हती. लेकीने क्षणभर कोनाकडे पाहिले, मग म्हणाली, "जाऊ दे, घरचेच तर आहेत."

या वाक्याबद्दल मी तिला कधी दोष देऊ शकले नाही. परक्यांसाठी जीव तोडून करायचे आणि घरच्यांना उरलेसुरले द्यायचे, हे माणसे मायेनेच करतात. घरचे सांभाळून घेतील एवढा विश्वास त्यामागे असतो.

उजवा मोजा नीट झाला. डाव्याची टाच झाली आणि तळव्याची नळी मोटरवर सुरू झाली. अंगठ्याच्या मागे तळव्याला जो उंचवटा असतो ना, ज्याच्यावर चालताना सगळा भार येतो, तिथवर मोजा आला होता. आणि गाठ आली. मला ती आधीच जाणवली. धाग्यात ती तिळाएवढी होती. त्रेचाळिसाव्या सुईची आकडी तिच्याशी अडली, जीभ मिटेना. मित्रांनो, त्या क्षणी मला दोन वाटा होत्या. टाका सोडून द्यायचा, म्हणजे तिथे भोक पडले असते, खालपर्यंत शिडीसारखी उसवण गेली असती, लेकीने पेडलवरचा पाय काढला असता आणि कपाळाला हात लावून सगळे उसवले असते. किंवा गाठ कशीही करून ओढून घ्यायची. मी ओढून घेतली. माझ्याकडून टाका गळत नाही ना. गाठ आत गेली, नळी खाली सरकली, बाहेरून बघणाऱ्याला काही दिसले नसते. मला तर शाबासकी मिळाल्यासारखे वाटले. मुठीला बसलेला झटका पट्ट्याने खाऊन टाकला.

लेकीने टोक बंद केले, मोजे धुतले, वाळवले, बाबांच्या खाटेवर ठेवले आणि पुढच्या जोडाला लागली. उलटे करून पाहायचे राहिले.

रोज सकाळी लेक बाबांच्या पायांखाली दाढीचा आरसा धरून तळवे बघायची. त्या महिन्यात तिने आरसा धरणे सोडले आणि नुसते विचारायला लागली, पाय ठीक आहेत ना. बाबा म्हणायचे ठीक आहेत. त्यांना खरोखरच ठीक वाटत होते.

साठ जोड वेळेत गेले. दवाखान्यातून कौतुकाचा फोन आला. त्यानंतर चौथ्या दिवशी बाबांना ताप भरला. मोजा काढला तेव्हा घरभर वास सुटला. पुढचे मी पाहिलेले नाही, पुढच्या खोलीत टेबलाला आवळून बसवलेली मी, मी कुठे जाणार. घड्याळे एकेक करून थांबत गेली, कारण त्यांना किल्ली द्यायला कुणी नव्हते. बाराव्या दिवशी लेक बाबांशिवाय घरी आली. जावई येऊन शेजाऱ्यांना दारातच सांगत होता ते मी ऐकले. जखम हाडापर्यंत गेली होती आणि डावा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

लेकीच्या हातात दवाखान्याने परत दिलेल्या कपड्यांची पिशवी होती. धुवायला म्हणून तिने त्यातून मोजा काढला, उलटा केला आणि थांबली. डाग सुकून काळा झाला होता. डागाच्या बरोबर मध्ये ती गाठ. लेकीने तिच्यावर बोट ठेवले आणि खालीच बसली. रडली नाही. मग उठून तिने तो मोजा आपल्या कपाटात सगळ्यात खाली घातला, माझी मोटर काढली, माझ्यावर एक जुनी चादर टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली की मशीन बिघडली.

मला आधी रागच आला. बिघडली म्हणे. मग चादरीखाली विचार करायला वेळच वेळ होता, आणि राग टिकला नाही.

बाबा कुबड्या घेऊन घरी आले. भेटायला येणाऱ्यांना ते एकच गोष्ट सांगायचे. लेकीचे मोजे होते म्हणून इतकी वर्षे पाय टिकले, नाहीतर कधीच गेले असते. ते असे बोलायला लागले की लेक काहीतरी काम काढून आत जायची. तिने त्यांना खरे सांगायचे अनेकदा ठरवले असावे. दोनदा तर ती त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, आणि चहा हवा का विचारून परत गेली. तोंडावरचा रंगच उडाला होता तिच्या. जेवण नाही, धड झोप नाही. जावयालाही तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. तो बिचारा मोटरमुळेच म्हातारी बिघडली म्हणून स्वतःला बोल लावत बसला होता.

बिघडलेली वस्तू घरात आहे आणि ती आपल्याला दुरुस्त करू देत नाहीत, हे बाबांच्या पचनी पडेना. त्यांनी दोनचारदा विचारले. लेक म्हणाली, राहू द्या, आता त्यात काही उरलेले नाही. एका सकाळी ती बाजारात गेल्याचे पाहून बाबा कुबड्या टेकत माझ्याकडे आले आणि त्यांनी चादर काढली. स्टुलावर बसून त्यांनी मला पूर्ण खोलले. बहात्तर सुया एका फडक्यावर ओळीने मांडल्या. प्रत्येक भाग भिंगाखाली धरला. पुसला, तेल दिले, पुन्हा जागच्या जागी बसवला. मग धागा ओवून हाताने दहा फेरे घेतले. दहाही स्वच्छ. मूठ त्यांनी हातातच धरून ठेवली.

लेक परत आली आणि दारातच थबकली.

"हिला काहीही झालेलं नाही," बाबा म्हणाले.

लेकीने खाली पडलेली चादर पाहिली.

"मग सगळ्यांना खोटं का सांगतेस?"

तिने पिशवी खाली ठेवली. आत जाऊन तो मोजा आणला आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. "तुमचा पाय माझ्यामुळे गेला, बाबा. यात गाठ राहिली होती. मी लोकर तपासली नाही, मोजा उलटून बघितला नाही. घाई होती. घरचंच आहे म्हटलं."

मला वाटले बाबा आता मोजा हातात घेतील, उलटतील. त्यांनी हातही लावला नाही.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"गाठ. पहिल्याच दिवशी बोटाला लागली होती. घालायच्या आधी आत हात फिरवला होता मी."

 भिंतीवर कागदावर आखलेले पाय वाऱ्याने हलत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"तू सकाळपासून एका जागी होतीस. तोंड बघवत नव्हतं तुझं. सांगितलं असतं तर सगळं सोडून माझाच मोजा उसवत बसली असतीस. आणि मला काही दुखत नव्हतं."

"दुखणार कसं होतं, बाबा?"

बाबांनी मान खाली घातली. म्हणाले, "तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता?"

 आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळे मार्गी लावणारा तो माणूस, हात मांडीवर ठेवून बसून राहिला. लेक रडली ती तेव्हा. त्यांच्याजवळ गेली नाही, उभ्या जागीच रडली. आणि मी तिथे होते, मधोमध, ताज्या तेलाने चकचकणारी. दोघांनी आपापल्या परीने स्वतःला दोषी धरले. तिसरी दोषी टेबलावर बसली आहे हे कुणाला सुचणार. मला सांगायचे होते की गाठ माझ्या हातून गेली, अडवणे माझ्या हातात होते, आणि मी ती नाव राखण्यासाठी गिळली. पण यंत्राला बोलायची एकच रीत असते, बिघडायची, आणि बोलायची वेळ आली तेव्हा मी मिजाशीत गप्प राहिले होते.

एका बोलण्याने सगळे निवळले असे मी सांगणार नाही. बरेच दिवस दोघे कामापुरते बोलत होते. लेकीचा राग जात नव्हता. तो बाबांवर होता की स्वतःवर, हे तिलाही सांगता आले नसते. बाबा दुकानात बसायचे, पण घड्याळ उघडून तसेच ठेवायचे. माया कमी झाली नव्हती, पण तिच्यात आता हा पाय आला होता.

मग एका सकाळी लेक नवा कोन घेऊन माझ्यापुढे बसली. सगळा धागा तिने बोटांमधून काढला. दोन गाठी निघाल्या. त्या कापून तिने धागा तळहातांत चोळून जोडला. बाबांना कागदावर उभे केले. कुबडीवर तोल सावरत ते उभे राहिले आणि तिने त्यांच्या पायाची रेघ आखली. मोटर नव्हती. मुठीवर तिचा हात होता. घोटा झाला, टाच झाली, तळवा झाला, पुढचे टोक झाले.

आमच्याकडे मोजे जोडीने होतात, मित्रांनो. एक पुरा झाला की मध्ये चार फेरे दुसऱ्याच रंगाच्या धाग्याचे घालायचे आणि तसाच दुसरा सुरू करायचा. थांबायचे नसते. दोन्ही मोजे एकमेकांना लटकूनच खाली येतात आणि मग मधून कापतात. मला इतक्या वर्षांची तीच सवय. पहिला झाला तशी मी रंगीत धाग्याची वाट पाहत तयार राहिले. लेकीने मूठ धरून ठेवली होती. टेबलामागून बाबा बघत होते. मग तिने कात्री घेतली आणि धागा कापला. एक फेरा रिकामा फिरला आणि तो एकटा मोजा माझ्या पोटातून खाली पडला.

पाय गेला हे मी ऐकले होते. ते मला कळले मात्र तेव्हा.

आज मी पुन्हा कामात आहे. लोक पुन्हा येतात, लेक त्यांचे पाय आखते, बाबा प्रत्येक मोजा उलटून मुठीवर चढवून तपासतात. माझे सगळे बरे चालले आहे, म्हणून मी तुमच्याकडे तेल मागणार नाही, की धूळ पुसा म्हणून विनवणार नाही. मला दुसरेच मागायचे आहे. परक्यासाठी जेवढे निरखून करता तेवढे घरच्यासाठीही करा. आणि कुणी मायेने दिलेल्या वस्तूत काही टोचत असेल, किंवा आज टोचत नसले तरी बोटाला लागत असेल, तर त्याच दिवशी सांगा. ते दमले आहेत, त्यांना वाईट वाटेल, म्हणून पोटात ठेवू नका. वाईट वाटेलच. वाटू द्या. मोजा उसवून पुन्हा विणता येतो.